खालच्या तळीने ऐकलेली बोली

मित्रांनो, एक्स नदीच्या काठी एका गोठ्याच्या उंबऱ्यात जी काळी, भोकाभोकांची शिळा बसवली आहे, ती मी. गाई माझ्यावर पाय देऊन आत-बाहेर करतात. एके काळी मी जात्याची खालची तळी होते. वरची तळी आता नाही. समुद्रापलीकडून आलेल्या सरदाराने पाणचक्की बांधली आणि सगळ्यांनी तिथेच दळावं म्हणून घराघरातली जाती फोडायला लावली. वरची फुटली, मी वाचले. तिचं दुःख आहेच. पण मला आज सांगायचं आहे ते दुसरंच.

माझा जन्म ऱ्हाईन नदीजवळच्या खाणीत झाला. सॅक्सन लोक नव्या जमिनीसाठी ब्रिटनच्या या बेटावर निघाले, तेव्हा एका नव्या नवरीने मला हट्टाने होडीत घातलं. नवरा म्हणाला, "अगं, दगड काय तिकडे मिळत नाहीत?" ती म्हणाली, "हा माझ्या आईचा आहे." पुढे तिचे वंशज पश्चिमेकडे सरकत सरकत या खोऱ्यात आले. म्हणजे मीही बाहेरचीच, आणि तीही जिंकणाऱ्यांच्या घरातली.

इथे आधीपासून राहणाऱ्या ब्रिटन लोकांना आमची माणसं 'परके' म्हणत. काय म्हणावं या उलट्या कारभाराला! घर त्यांचं आणि परकेही तेच. हळूहळू गुलामालाही तोच शब्द लावू लागले.

हेरेबाल्ड नावाच्या शेतकऱ्याच्या घरी असताना माझ्यावर मेलेरी दळायची. ती त्या 'परक्यां'तली, धरून आणलेली दासी. जवाचे घास टाकता टाकता ती आपल्या बोलीत पुटपुटायची. कधी आईला हाक मारायची, कधी मालकाला चार शिव्या हासडायची. रोज ऐकून मला ती बोली कळू लागली. किती मऊ बोली होती ती!

मालकापासून मेलेरीला मुलगी झाली. तिच्या मर्जीचा प्रश्न कुणी काढला नाही. मुलीचं नाव एबा. ती आईच्याच बोलीत बोलायला शिकली. मालकाची बायको लेकरू न होताच वारली होती, म्हणून एबाला आपली लेक म्हणून वाढवावं असं त्याच्या मनात आलं. त्याची आई कुनेवारू, घरची थोरली बाई, भारी खमकी. तिने मेलेरीला माझ्यापाशीच गाठलं.

"पोर गोड आहे. ठेवू आमची म्हणून," ती म्हणाली. "पण तिच्या तोंडून तुमची ती बडबड पुन्हा ऐकू आली, तर दोघींना बाजारात उभं करीन. आणि तुला आई म्हणायचं नाही. दाई म्हणेल."

"बरं, थोरल्या बाई," मेलेरी म्हणाली. दुसरं काय म्हणणार बिचारी?

त्या संध्याकाळी एबाने रोजच्यासारखी आईच्या बोलीत भाकर मागितली. मेलेरीने हात मागे घेतला.

"त्यांच्या बोलीत माग."

"का गं आई?"

"दाई म्हण! आणि माग म्हटलं ना!"

पोर रडून रडून उपाशीच झोपली. मेलेरीने ती भाकर न खाताच कुशीशी धरून ठेवली.

लहान मुलं भराभर शिकतात आणि भराभर विसरतातही. काही दिवसांनी एबाच दाईच्या मोडक्यातोडक्या बोलण्यावर हसू लागली. "अगं वेडाबाई, असं नाही म्हणत!" सगळं घर हसायचं. मेलेरीही हसायची, आणि माझ्यावर पीठ ओलं व्हायचं.

एबा मोठी झाली. चांगल्या घरात पडली. सासरी जाताना तिने मला नेलं आणि लाडक्या दाईलाही नेलं. हेरेबाल्ड आणि थोरली बाई तोवर वारले होते. एबा दासीच्या पोटची आहे हे त्या घरात एकट्या मेलेरीलाच ठाऊक होतं. एबालासुद्धा नव्हतं. तिथे कळलं असतं, तर एबाचं घर मोडलं असतं.

एके सकाळी नव्या दासीला दळायला आणून बसवलं. पश्चिमेकडच्या चकमकीत सापडलेली ब्रिटन बाई. मेलेरीच्या समोर बसून तिनेही खुंटा धरला. मेलेरीच्या चेहऱ्यात तिला काय ओळखीचं दिसलं कोण जाणे, मेलेरीच्याच बोलीत तिचा बांध फुटला.

"मावशी, तू आमच्यातलीच ना गं? माझी म्हातारी तिकडे एकटी आहे. मला मेलेली समजून झुरून मरेल. मीठवाला आमच्या गावावरून जातो ना? त्याच्याजवळ एवढाच निरोप दे, की मी जिवंत आहे."

"काय किरकिर लावली आहे हिने सकाळी सकाळी?" एबा वैतागली. "माणसासारखं बोल म्हणावं! दाई, तुला कळतंय का गं काही?"

बाजूला सूत कातणाऱ्या सासूने चाती थांबवली आणि मेलेरीकडे रोखून पाहिलं.

"छे गं बाई," मेलेरी म्हणाली. "मला कुठलं कळायला! पाखरं चिवचिवल्यासारखं वाटतं नुसतं."

सासू हसली. एबाही हसली. दोघींचे हात एकाच खुंट्यावर होते. मेलेरीने खुंटा आवळून जातं एकदम जोरात फिरवलं, ते का हे मला कळलं, आणि त्या बाईलाही कळलं असणार. तिने मान खाली घातली. पुढे मीठवाला आला, मीठ मोजून गेला. निरोप गेलाच नाही. मला तोंड असतं, तर मी ओरडून सांगितलं असतं.

त्यानंतर उत्तरेकडे डेन लोक आले. आधी मारामाऱ्या केल्या, मग शेजारी होऊन राहिले. त्यांचे कितीतरी शब्द आमच्या माणसांच्या बोलीत, म्हणजे इंग्रजीत, रुजले. अंड्याला एग, खिडकीला विंडो, आकाशाला स्काय, इतके घरगुती. मेलेरीच्या बोलीतलं मात्र नद्या-डोंगरांची नावं आणि चार-दोन शब्द सोडले, तर काही उरलं नाही. लोक म्हणतात, तलवारीने ती बोली मारली. तलवार होतीच. पण मी पाहिलं ते असं, की आयांनी ती लेकरांसाठी गिळली.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणी म्हातारी असेल. तिची बोली तुम्हाला वेगळी वाटत असेल, चारचौघांत लाजही वाटत असेल. तिला हसू नका. ती गप्प झाली, तर आधी तिच्याजवळ जाऊन बसा आणि म्हणा, "पुन्हा सांग ना, मला कळलं नाही."