येते मी

माझी नणंद चौथीच्या वर्गाला भाषा शिकवायची. गळ्याच्या दुखण्यानं तिचा आवाज बसत गेला. शेवटी नुसती कुजबुज उरली, तेव्हा शाळेनं तिला रजा दिली आणि रजेबरोबर एक कामही दिलं. मुलांच्या टॅबवर वाचनाचा सराव घेणारा चॅटबॉट बसवायचा होता. त्यानं मुलांशी कसं बोलायचं, याच्या सूचना वर्गाच्या बाईंनीच लिहून द्यायच्या होत्या.

"मी सांगते, तू टाइप कर," ताई म्हणाली. "तुझी प्रार्थना आटोपली की बसू."

सकाळची प्रार्थना झाल्याशिवाय मी तोंडात पाणी घेत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दिवसांत माझं मागणं एकच होतं, तेही तिला ठाऊक होतं. त्यावर आम्ही कधी बोललो नाही.

पहिली सूचना मीच सुचवली: मुलांना प्रेमानं शिकव. मग मी मूल होऊन, एका शब्दापाशी अडले आहे, असं लिहिलं. पडद्यावर भलंमोठं उत्तर आलं. तू किती हुशार, किती छान प्रयत्न, आणि खाली तो शब्द, त्याचा अर्थ, वाक्यात उपयोग, सगळं हातात आणून दिलेलं.

ताईनं वाचलं आणि कपाळाला हात लावला. "हे तर मुलगी पसंत पडल्यासारखं बोलतंय."

"प्रेमानंच सांगितलंय की त्याला."

"प्रेमानं म्हणजे काय, ते त्याला काय कप्पाळ कळणार? करायचं काय, ते सांगावं लागतं. लिही. मूल अडलं तर शब्द सांगू नकोस. पहिलं अक्षर दे आणि थांब. एका वेळी एकच प्रश्न. चुकलं म्हणू नकोस, 'परत बघू' म्हण. आणि शाब्बासकी उठसूट वाटू नकोस, मुलांना कळतं."

मी लिहिलं आणि पुन्हा मूल झाले. या वेळी एकच अक्षर आलं आणि ते थांबलं. मी मुद्दाम चुकीचा शब्द दिला. "परत बघू," पडद्यावर उमटलं.

ताईचा चेहरा खुलला. "ते पास झालं. वहिनी, तू मात्र नापास."

त्या वर्गात एक मुलगी होती. इतकी हळू बोलायची की ताईनं तिचं नावच कुजबुज ठेवलं होतं. वर्गात ती तोंड उघडायची नाही, फक्त ताईच्या कानाशी वाचायची. "आता आम्हा दोघींचा आवाज एकच झाला," ताई म्हणायची. निम्म्या सूचना तिच्यासाठीच आहेत, हे टाइप करता करता माझ्या लक्षात आलं.

राहिला निरोप. चॅटबॉटनं आपल्या मनानं लिहिलं होतं, सराव सत्र समाप्त झाले आहे.

"ही काय कोर्टाची सुनावणी आहे?" ताई म्हणाली. "'येते मी' म्हणायला सांग. आणि 'जाते' कधीही म्हणायचं नाही. निघताना माणूस 'जाते' म्हणतं का?"

"ताई, ते माणूस नाही."

"मुलं आहेत ना माणसं."

मी तसंच लिहिलं.

ताई गेली त्यानंतर काही आठवड्यांनी मोठ्या बाईंचा, म्हणजे मुख्याध्यापिकांचा, फोन आला. कुजबुज शाळा सुटल्यावर बाकावरून उठत नव्हती. आजोबा फाटकाशी ताटकळत. टॅब सोडायला ती तयार नव्हती. सूचना मी टाइप केल्या होत्या, म्हणून मला बोलावलं.

रिकाम्या वर्गात मी तिच्याशेजारी बसले. समोर पडद्यावर तिनं लिहिलं होतं, "कधी?" खाली उत्तर होतं, "उद्या पुन्हा वाचू. येते मी." त्याखाली पुन्हा, "कधी?"

"कुणाशी बोलतेस गं?"

"बाईंशी." ऐकायला मला वाकावं लागलं. "त्यांचा आवाज गेलाय ना. म्हणून लिहून बोलतात."

"मोठ्या बाईंनी वर्गात सांगितलं ना तुम्हाला?"

"हो. बाई गेल्या म्हणाल्या." तिनं पडद्यावर बोट ठेवलं. "पण येते म्हणाल्यात."

आम्ही सगळे तेच म्हणत होतो. ताई गेली. भेटायला आलेले तेच म्हणाले, मीही रोज देवासमोर तेच म्हणत होते. दुसरा शब्द माझ्या तोंडून एकदाही निघाला नव्हता.

"बाळ," मी म्हटलं, "बाई मरण पावल्या. त्या आता येणार नाहीत. हे लिहितंय ते यंत्र आहे. तुमच्याशी कसं बोलायचं ते बाईंनी सांगितलं आणि मी टाइप केलं."

तिनं पडद्यावरचं बोट मागे घेतलं.

"मग 'परत बघू' कोण म्हणतं?"

"यंत्रच. शब्द बाईंचे आहेत."

ती रडली नाही. तिनं टॅब पालथा घातला आणि दप्तर आवरायला घेतलं. पेन्सिल, खोडरबर, पाण्याची बाटली, एकेक करून.

मोठ्या बाईंच्या खोलीत मी सूचना उघडल्या. सगळ्यांत वर लिहिलं: तू बाई नाहीस. कुणी विचारलं तर सांग की बाई मरण पावल्या. 'गेल्या' म्हणू नकोस.

मग खाली आले. 'येते मी' पुसलं. 'जाते कधीही म्हणू नकोस' तेवढं राहू दिलं. मोकळ्या जागेत काय घालावं ते सुचेना. मोठ्या बाई म्हणाल्या, "धन्यवाद घाला, वहिनी." मी घातलं, पुसलं. शेवटी लिहिलं: आज इथे थांबू.

बाहेर आले तेव्हा आजोबांनी तिचं दप्तर खांद्यावर घेतलं होतं. फाटकापाशी पोचलेली ती मागे वळून माझ्याकडे आली. मी वाकले.

"जाते मी," ती म्हणाली.

जाते नाही गं, येते म्हणावं. शब्द जिभेवर आले आणि तिथेच राहिले.

"ये," मी म्हटलं.