माझ्या अंगठ्याचे ठोकळे

मी तिसरीपर्यंत शिकले. सही येते, अक्षरं जुळवून वाचताही येतं, तेव्हा मला अंगठेबहाद्दर म्हणायची कुणाची छाती नाही. अंगठा मी उमटवते तो फक्त ओल्या काँक्रीटवर.

इमारतीच्या कॉलमात आणि स्लॅबमध्ये जो माल ओततात, त्यातलाच थोडा घेऊन लोखंडी साच्यात भरायचा. तीन थर, दर थराला सळईचे पस्तीस टोले. दुसऱ्या दिवशी साचा खोलायचा, ठोकळा अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवायचा आणि मग सरकारी तपासणीच्या ऑफिसात मशीनखाली फोडायचा. किती दाबाला फुटतो त्यावरून इमारत पक्की की कच्ची ते ठरतं. आमचे हे गवंडी होते. ते गेले तशी माझ्या गुडघ्यांनीही साथ सोडली, अकरा वर्षं मी साइटवर पाऊल टाकलं नाही. तेव्हाच कंत्राटदार स्वतः दारात येऊन म्हणाला, "आजी, साइटवर सगळी धांदल. ठोकळे तुम्ही घरीच भरा. माल मी पाठवतो, साइटवरचाच." तेव्हापासून आमच्या अंगणात ठोकळे होतात. आपलं काम ओळखू यावं म्हणून यांनी शिकवल्याप्रमाणे प्रत्येकाच्या कोपऱ्यात मी अंगठा दाबते.

माझा एकही ठोकळा कधी नापास झाला नाही. हे मी लग्नकार्यात, बारशात, नळावर, सगळीकडे सांगत आले. धाकट्या जावेला काम शिकवलं तेही हेच ऐकवत. शेजारीण म्हणायची, तुमच्या हातात जादू आहे हो. मी म्हणायचे, जादू कसली, पस्तीस म्हणजे पस्तीस मारते, चौतिसाला थांबत नाही.

एका शनिवारी नात शाळेची नवी इमारत बघून आली. सोमवारपासून खालच्या मजल्यावर तिचा वर्ग भरणार होता. दप्तर टाकलं आणि मूठ माझ्यापुढे उघडली.

"आजी, बघ. खांबातून काढलं."

"कशानं काढलंस?"

"नखानं."

मी तो खडा तळहातावर घेऊन चिमटीत दाबला. त्याची माती झाली. काँक्रीट नखानं निघतं? चाळीस वर्षं या मालात हात घातलेत मी, वास घेऊन सांगते सिमेंट किती आहे ते. यात सिमेंट नुसतं वासापुरतंच होतं.

सुनेला उठवलं, म्हटलं चल. ती बिचारी न विचारता निघाली. शाळेत मुख्याध्यापिकाबाई पडदे लावत होत्या. मी कॉलमाला घराची किल्ली लावली आणि फिरवली. चुलीतल्या राखेत काडी फिरवावी तशी किल्ली आत गेली.

"अहो मावशी, रंग खराब होईल!" बाई धावत आल्या. "इमारत पास झालीय. हा बघा रिपोर्ट." चौकटीत घालून भिंतीवर टांगला होता. मी अक्षरं जुळवली. अठरा ठोकळे, सगळे पास.

अठरा. पावसाळ्याआधी शाळेसाठी मी भरले होते, अठराच. म्हणजे ठोकळे माझे, आणि खांब हा असा! एका मालाची दोन पोरं इतकी वेगळी कशी निघतील?

मुलगा घरी आला तो बूट काढायच्या आत मी विचारलं. तो त्याच कंत्राटदाराकडे मुकादम आहे.

"शाळेचा माल आणि मला पाठवलेला माल एकच होता का रे?"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच त्याला फसवत होते.

"आई, तुला खरंच माहीत नव्हतं?"

"काय माहीत नव्हतं?"

"अगं, तुझ्याकडचा माल वेगळा येतो. धुतलेली वाळू, कोरं सिमेंट. साइटवर दादाची वाळू असते, नदीवर ज्याची गुंडगिरी चालते त्याची. निम्मी माती. दुसऱ्या कुणाची वाळू घेतली तर ट्रक जळतो." तो खाली बसला. "पूल, दवाखाना, पाण्याची टाकी, सगळ्यांना ठोकळे तुझेच. मला वाटलं तुला कळतंय. म्हणून तर तू साइटवर येत नाहीस."

"माझे गुडघे दुखतात म्हणून येत नाही, मेल्या!"

सून भिंतीला टेकून उभी होती. तिचं बाळंतपण त्याच दवाखान्यात झालं होतं. तिनं नुसता पोटावर हात ठेवला आणि काढला.

रात्रभर मी एकच घोकत होते. ठोकळे माझे आहेत ना, मग मीच सांगणार. तपासणीच्या साहेबाला सांगणार, हे फोडलेत ते शाळेचे नाहीत, आता शाळेचा खांब फोडा. साहेब शिकलेला माणूस, मशीन सरकारचं. माझी चूक मी कबूल केली की पुढचं आपोआप होईल. इतकी मी वेडी.

रविवारी ऑफिसला सुट्टी, पण शिपाई दार उघडून राखणीला बसतो; साहेबाचं घर त्यालाच विचारू म्हटलं. फाटकातून आत शिरले. बागेच्या कडेनं, गुलाबाच्या वाफ्यांना, विटांसारखे माझे ठोकळे रोवलेले होते. रांगेच्या रांगा. प्रत्येकाच्या कोपऱ्यात माझा अंगठा. एकाला साधा टवकासुद्धा नाही. दोन ठोकळ्यांवर फळी टाकून शिपाई डबा खात बसला होता.

"हे फोडले का नाहीत?" मी विचारलं.

"कशानं फोडणार मावशी?" तो हसला. आत बोट दाखवलं. मशीनवर मेणकापड होतं, आणि वर मनीप्लँटची कुंडी. वेल पार खाली, हँडलभोवती गेली होती. "बारा वर्षं बंद आहे. दादाची माणसं रिपोर्ट छापूनच आणतात, साहेब सही करतात. ठोकळे नुसते कुणी विचारलंच तर दाखवायला."

"आणि साहेबानं नाही केली तर?"

"आधीच्या साहेबांनी नव्हती केली. काठी घेऊन चालतात आता." त्यानं डब्याचं झाकण लावलं. "ठोकळे मात्र छान आहेत हो. सहा वर्षं पावसात आहेत, हलले नाहीत."

अकरा वर्षं जे मिरवलं ते गुलाबाच्या वाफ्याला कुंपण होतं! नापास झाला नाही म्हणे. अगं बये, परीक्षेलाच कुणी बसवलं नव्हतं. मी एक ठोकळा उपटला. शिपाई म्हणाला, "अहो, रांग बिघडेल." मी म्हटलं, "बिघडू दे," आणि पिशवीत घातला.

सोमवारी शाळेच्या दारात फुगे होते. आईबाप पोरांना घेऊन आलेले, सगळ्यांचे कपडे इस्त्रीचे. मी पहिल्या खांबाजवळ माझा ठोकळा ठेवला, यांची हातोडी काढली आणि ठोकळ्यावर जोरात मारली. टण्ण वाजलं, हातोडी उसळली.

"हा कागदावरचा माल," मी ओरडले. "आता हा बघा तुमच्या पोरांच्या डोक्यावरचा." खांबावर मारली. भसकन ढेकूळ पडलं.

कोपऱ्यात दादाचा माणूस फोन कानाला लावून उभा होता. मुलगा गर्दीतून वाट काढत आला, घामाघूम.

"आई, घरी चल. तो बघतोय."

"मग तूच सांग त्याला, खांब पक्का आहे म्हणून. घे, मार." मी हातोडी त्याच्यापुढे धरली.

त्यानं घेतली नाही. सुनेनं घेतली. जी पोर आमच्या घरात मोठ्यानं शिंकतही नाही, तिनं पदर खोचला आणि आठ-दहा घाव घातले. आतल्या सळया दिसल्या. चार पाहिजेत तिथे दोन, आणि त्याही पेन्सिलीएवढ्या. एक बाप मुलाला उचलून मागे वळला. मग एक आई. मग सगळे. फुगे तेवढे राहिले.

शाळा बंद झाली. चौकशी लागली म्हणून पेपरात आलं. आठवडाभर लोक मला रस्त्यात थांबून नमस्कार करत होते, आणि मुलगा माझ्याशी बोलत नव्हता. मला वाटलं, चला, एवढं तरी झालं.

आज दुपारी कंत्राटदाराची जीप दारात आली. ड्रायव्हरनं बारा साचे अंगणात उतरवले. मागून पोती, कोऱ्या सिमेंटची, आणि धुतलेल्या वाळूची.

"आजी, ठोकळे हवेत. तुमच्याच हातचे."

"कशाला?"

"चौकशीला," ड्रायव्हर म्हणाला. "शाळेचे नमुने मागितलेत. पास झाले की महिन्यानं शाळा सुरू."

हा माणूस थट्टा करत नव्हता. त्याला खरंच वाटत होतं, काम आणलंय, म्हातारी खूश होईल.

मुलगा घरातून बाहेर आला. त्यानं एक साचा उचलला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा तो साचे परत जीपमध्ये टाकत होता, एकेक, बाराच्या बारा. पोतीही टाकली.

"आई, भीती वाटते गं," तो म्हणाला.

"वाटू दे. मलाही वाटते."

जीप निघाली. चार घरं पुढे जाऊन पुन्हा थांबली. माझ्या धाकट्या जावेच्या दारात. साचे उतरल्याचा आवाज आला, पोती पडल्याचा आला. थोड्या वेळानं सळईचे टोले सुरू झाले. मी शिकवल्यासारखेच, एका लयीत. मी नकळत मोजत होते. तिसाच्या पुढे गेले, पस्तिसाला थांबले. चोख काम. दुसरा थर सुरू झाला.

नात आत पुस्तकाला कव्हर घालत बसली होती. म्हणाली, "आजी, महिन्यानं शाळा आहे ना?"

मी हातोडी घेतली, गुडघ्यांना म्हटलं आता चला गुमान, आणि जावेच्या घराकडे निघाले. ठोकळे ओले आहेत तोवर पोचायला हवं.