तळघरातला वॉचमन

कपडे धुण्याचं मशीन तळघरात न्यायचं ठरलं, तेव्हा मार्नी तिथेच टेबलाशी बसून लेकीला, टेसाला, भरवत होती. पण तिला कुणी विचारलं असं काही म्हणता येणार नाही. तिच्या देखत ठरलं, एवढंच.

कारण रास्त होतं, हेच तर वाईट होतं. तिच्या सासूचं, डोलोरेसचं, खुब्याचं हाड मोडलं होतं. वरच्या मजल्यावर चढणं कायमचं संपलं होतं. आता स्वयंपाकघरामागच्या खोलीत तिचा पलंग टाकायचा, कोपऱ्यात शॉवर बसवायचा, म्हणजे तिथलं मशीन हलवणं आलंच. घर डोलोरेसचं, हाड डोलोरेसचं. त्यावर बोलायचं काय?

बोलण्यासारखं एकच होतं आणि तेच तोंडातून निघत नव्हतं. मागच्या हिवाळ्यात घशाला सूज येऊन टेसाचा श्वास अडकला होता. ओठ निळे पडले होते. मार्नी तेव्हा खाली तळघरात चादरी धूत होती, आणि मशीनच्या घरघरीत तिला काही म्हणता काही ऐकू आलं नव्हतं. पोर वाचली. पण त्यानंतर मार्नीने खाली पाऊल टाकलं नाही, आणि तिच्या नवऱ्याने, ग्रेगने, एक शब्द न बोलता मशीन उचलून वर आणून दिलं. त्याने तिच्यासाठी केलेली ती सगळ्यात मोठी गोष्ट होती. आता तीच तो परत घेत होता, आणि आपण काही परत घेतोय हे त्याच्या गावीही नव्हतं.

"बेबी मॉनिटर लाव ना," तो म्हणाला. "सगळं जग लावतं."

मॉनिटर त्या दगडी भिंतींत नुसता खरखरायचा. हे तिने सांगितलंही. पण भीतीला या घरात वजन नव्हतं. पाइपाला होतं. पिट्सबर्गच्या उतारावरची ही जुनी घरं, माणसं जेवताना हवापाण्याइतकंच गटाराबद्दल बोलायची. मग मार्नीने पाइपांचा अभ्यास सुरू केला. टेसा झोपली की ती वाचायची: सांडपाणी किती उंचीवरून सोडावं, उतार किती हवा, वास कुठून येतो. परीक्षेसाठीसुद्धा ती इतकं वाचली नव्हती.

रविवारी ग्रेगचा चुलतभाऊ रिच आला. पोटापाण्यासाठी तो घरं तापवायच्या भट्ट्या दुरुस्त करायचा आणि नात्यातल्या लोकांसाठी उरलेलं सगळं. तिघं तळघरात उतरली, मार्नी हिवाळ्यानंतर पहिल्यांदाच. डोलोरेस वॉकर धरून जिन्याच्या तोंडाशी उभी राहिली. तिच्या पायांशी टेसा होती.

तळघराच्या मधोमध, ना भिंत ना पडदा, एक कमोड होता. गल्लीतल्या प्रत्येक तळघरात असतो तसाच. ग्रेगचे वडील स्टीव्ह पोलादाच्या कारखान्यातून आले की मागच्या दाराने इथे शिरायचे, काजळी धुवायचे, बसायचे, आणि मगच बायकोच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकायचे. त्या कमोडला ते वॉचमन म्हणायचे. बाहेर पाऊस लागला की पेपर काखेत मारून म्हणायचे, "जरा वॉचमनची विचारपूस करून येतो." ते वारले तरी हा विनोद घरात होता. त्यात नक्की गंमत काय, हे कुणी कधी विचारलं नव्हतं.

"मशीनचं पाणी जाणार कुठे?" मार्नीने विचारलं. "नळी अशीच खाली सोडून चालणार नाही. उभा पाइप लागेल, कमरेच्या उंचीचा. नाहीतर पाणी आपोआप ओढलं जातं, मशीन भरतच नाही."

"बरोबर," रिच म्हणाला. "बसवू."

"आणि खाली वाकडा पाइप, पाणी धरून ठेवणारा? नाहीतर गटाराचा वास येईल."

"बसवू."

"हवेची नळी?"

रिचने ग्रेगकडे पाहिलं. "काय रे, लग्न केलंस की म्युनिसिपालटीचा इन्स्पेक्टर घरात घेतलास?"

वरून डोलोरेस खिदळली. "कॉलेजात गेलीये ती! इतके दिवस मला वाटायचं, शिकली तरी काय. आज कळलं, गटारं शिकली."

रिचने कमोडच्या कडेवर बुटाचं टोक वाजवलं. "उत्तर तर हे इथे बसलंय. याला काढू. खाली एवढा जाड पाइप आयता, हवेची नळी आयती. त्यातच मशीनचा पाइप उभा करतो आणि वर-खाली दोन्ही तोंडं रबराने गच्च बंद करतो. फरशी फोडायला नको, वास यायला नको."

एकेक करून सगळ्या हरकती संपल्या. मार्नी घाईघाईने म्हणाली, "पण छपराचं पाणीही याच पाइपात येतं ना? बाहेर तुंबलं तर? इथलं तोंड गच्च बंद केल्यावर ते पाणी वर कुठून येईल?"

हा प्रश्न खरा होता. पण आला सगळ्यात शेवटी, तोही कापऱ्या आवाजात.

ग्रेगने सुस्कारा टाकला. "मार्नी, तुला खाली यायचं नाहीये, एवढंच ना? मग तसं सरळ म्हण. पाइपांना कशाला मध्ये घालतेस?"

तिचे कान तापले. तो म्हणत होता ते खरं होतं. आणि एक खरं पकडलं गेल्यामुळे तिचं दुसरं खरंही खोटं ठरलं.

"काढा, काढा," डोलोरेस वरून म्हणाली. "माणूस गेला, आता त्याच्या सिंहासनाचं काय लोणचं घालायचंय?"

कमोड मागच्या अंगणात गेला. डोलोरेसने त्यात जिरेनियम लावून घेतली. शेजारणी बघायला आल्या, हसून गेल्या.

मग मार्नीचं खाली-वर सुरू झालं. टोपली काखेत, कान वर. एका धुण्यात ती दोनदा तरी धापा टाकत वर यायची. डोलोरेस खुर्चीत, टेसा तिच्या पायांशी रांगत, चमचे आपटत.

"आहे हो जिवंत," डोलोरेस म्हणायची. "घे बघून. हात-पाय मोजायचे असतील तर मोज. चार मुलं वाढवलीत मी, एकही हरवलं नाही."

"तसं नाही, डोलोरेस."

"तसंच आहे. जा, तुझं मशीन बघ."

ऑगस्टात एका दुपारी आभाळ फाटलं. मार्नी खाली होती. मशीन पिळण्यावर आलेलं, सगळं तळघर थरथरत होतं. मध्येच तिने फरशीकडे पाहिलं, भिंतींकडे पाहिलं. कोरडं ठणठणीत. रबराच्या तोंडातून थेंबही नव्हता. तिला वाटलं, बरोबर होता रिच. आणि जरा वाईटही वाटलं.

मशीन थांबलं तेव्हा वरचं ओरडणं ऐकू आलं. कितीतरी वेळ चाललेलं असावं, कारण डोलोरेसचा आवाज बसला होता.

ती वर धावली. डोलोरेसच्या खोलीत शॉवरच्या जाळीतून काळं पाणी उसळत होतं. पलंगाचे पाय, गालिचा, चपला, सगळं त्यात. मधोमध टेसा बसली होती आणि दोन्ही तळव्यांनी पाणी थापटत खदखदून हसत होती. मध्येच एक हात तोंडात घालत होती. डोलोरेस भिंतीला टेकून रडत होती. "वाकता येत नाही मला," ती म्हणत होती. "वाकता येत नाही गं. किती हाका मारल्या तुला!"

टेसाला जुलाब लागले, सलाइन लावावं लागलं. सुकलेल्या पानासारखी झालेली पोर हॉस्पिटलातून घरी आली, हळूहळू खाऊ लागली.

रिच आला. बराच वेळ तळघरात उकिडवा बसला. वर आल्यावर कुणाकडे न बघता म्हणाला, "बाहेरच्या पाइपात झाडाची मुळं शिरलीत. पाऊस जोरात आला की छपराचं पाणी पुढे सरकत नाही, मागे फिरतं. आणि मागे फिरलं की सगळ्यात खालचं उघडं तोंड शोधतं. ते आपणच बंद केलं."

"वॉचमन," डोलोरेस पुटपुटली. कोबी घातलेली हलुश्की तिच्या ताटात निवत होती. "पाऊस आला की स्टीव्ह खाली जाऊन बसायचा. भरलं की उपसायचा असेल. आणि मी आयुष्यभर समजत होते, माझ्या तोंडापासून पळतोय."

मार्नी वाट पाहत राहिली. कुणीतरी म्हणेल, तू विचारलं होतंस. फक्त एवढंच. ताटं रिकामी झाली, कॉफी आली.

"तरी पण," ग्रेग कॉफी ढवळत म्हणाला, "एवढ्या पावसात मशीन लावायला नकोच होतं गं."

अंगण खणून मुळं काढायचं काम वसंतापर्यंत होणार नव्हतं. जिरेनियम उपटली, कमोड घासून परत जागेवर बसवला. मशीनचा पाइप रिचने बाजूने जोडून दिला. आता फक्त पाऊस लागला की कुणीतरी खाली बसून पाणी बघायचं. चढू लागलं की वर हाक द्यायची: नळ नको, फ्लश नको. काठाशी आलं तर बादलीने उपसून मागच्या दाराबाहेर टाकायचं.

कुणीतरी म्हणजे कोण? ग्रेग कामावर. डोलोरेसला जिना बंद.

"तुझी नजर कशी सगळीकडे असते," ग्रेग म्हणाला. तिच्या खांद्यावर हात ठेवून, अगदी मायेने म्हणाला. "तुझ्याइतकं लक्ष कुणाचं आहे या घरात?"

सप्टेंबरात एका दुपारी पाऊस भरपूर पडला. मार्नी पालथ्या बादलीवर बसून होती. कमोडच्या भांड्यातलं पाणी गढूळ झालं, चढलं, काठाच्या चार बोटं खाली घुटमळलं. मशीन बंद होतं, त्यामुळे वरचं सगळं ऐकू येत होतं. वॉकरची टकटक. खुर्ची सरकली. टेसाच्या गुडघ्यांचा आवाज तिला पाठ होता.

मग एक आवाज आला, तो गुडघ्यांचा नव्हता.

धप्. थांबला. धप्, धप्.

"ये, ये! ये गं माझी बाय!" डोलोरेस टाळ्या वाजवत होती. "आली! आली!"

मार्नी उठली. जिन्याच्या पहिल्या पायरीवर तिचा पाय होता, तेवढ्यात वरचं दार उघडलं.

"मार्नी, उतरलं का गं पाणी? पोरीचं तोंड धुवायचंय."

मार्नी थांबली. पोर चालली, हे डोलोरेस सांगेल म्हणून थांबली. डोलोरेसने सांगितलं नाही.

तिने मागे वळून पाहिलं. पाणी खाली गेलं होतं, आपल्या नेहमीच्या रेषेवर स्वच्छ, गप्प बसलं होतं. पाऊसही थांबला होता.

"नाही," ती म्हणाली. "अजून नाही. नळ उघडू नका."

दार लागलं. ती परत वॉचमनशेजारी बादलीवर येऊन बसली. डोक्यावर पुन्हा पावलं सुरू झाली.