देवळ्याची कुसा

"घरात आणखी कुणाला असा त्रास होता का?" डॉक्टर आभा यांनी दुसऱ्यांदा विचारलं.

"नाय," रंगनाथ म्हणाला. नाशिकच्या बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसून वीस वर्षं लोकांना उत्तरं देणाऱ्या माणसाला इथे, मनोविकारांच्या दवाखान्यात, मान वर करता येईना. शेजारी बायको शकुबाई बसली होती. बाहेर बाकावर त्यांची मुलगी हर्षाली. चार महिन्यांत तिचं कॉलेज सुटलं, बोलणं आटलं; आता वेणीसुद्धा आईच घालून द्यायची.

"भास, संशय यांवरून घराण्याबद्दल फारसं कळत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण असं गप्प होणं, चेहऱ्यावर काही न उमटणं, कशातच मन न लागणं, हे जास्त असलं की नात्यात आणखी कुणाला आजार असण्याची शक्यता थोडी वाढते. दोष कुणाचाच नाही. कळलं तर आम्हाला मदत होते."

रंगनाथची थोरली बहीण कुसा देवळ्याच्या घरी विसाव्या वर्षी अशीच मिटत गेली होती. त्याच्यासाठी मुली बघायला लागले तेव्हा वडिलांनी सगळीकडे सांगितलं, पोरगी जन्माची मुकी-बहिरी आहे. मुकी नणंद लोकांना चालत होती, वेडी नाही. रंगनाथ तेव्हा गप्प बसला. कुसा गेली, तरी गप्पच राहिला.

"माझी बहीण," तो टेबलाकडे बघत म्हणाला. "मुकी नव्हती ती. चांगली गाणी म्हणायची. हळूहळू बोलायचीच बंद झाली. दवाखान्यात कधी नेलंच नाय आम्ही."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. शकुबाई मात्र त्याच्याकडे वळली.

"म्हणजे तिला ऐकू यायचं?"

"हो."

"अहो, अकरा वर्षं मी तिला जेवायला वाढलं. हातवारे करून विचारायची, अजून भाकरी पाहिजे का. आणि तिच्यादेखत म्हणायची, हे लचांड कधी सुटायचं." तिचा आवाज चिरकला. "तुम्ही तिथंच बसलेले असायचे!"



ती उठून बाहेर गेली. तो दारापर्यंत गेला नि थांबला. हर्षाली भिंतीकडे बघत होती. शकुबाई तिच्या पायाशी फरशीवरच बसली आणि सांगू लागली. डॉक्टरीण बोलायला बरी आहे, येताना रिक्षावाला किती हुज्जत घालत होता, घरी गेल्यावर मेथी निवडायची राहिलीय. उत्तराची वाट न बघता ती सांगत राहिली.

बाकावर जागा होती. रंगनाथ दारातच उभा राहिला.