आमचे हे

“आलं का?” मी छपराच्या कडेवरून ओरडलो.

खालून उत्तर नाही.

बादलीतलं पाणी मी पुन्हा डब्यात घेतलं आणि पन्हळीच्या वरच्या टोकाला ओतलं. पाणी शहाण्यासारखं उताराने निघालं, नव्या सांध्यावरून न अडखळता पुढे गेलं आणि कोपऱ्यावरच्या पाइपात दिसेनासं झालं. आता खाली पाइपाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाने ‘आलं’ म्हणायचं असतं. वर बसलेल्याला पाणी जाताना दिसतं, पण पोचलं की नाही ते कळत नाही. मध्येच पाइपात पाला अडकलेला असला, तर ते भिंतीत शिरतं आणि घरमालक आपल्या नावाने खडे फोडत बसतो.

“अगं, आलं का? झोपलीस की काय उभ्या उभ्या?”

तरी उत्तर नाही.

हा ‘आलं’ शब्द आमच्या धंद्यात आमची ही म्हणते. लग्नानंतर एकदा माझा मदतनीस न सांगता गेला, तेव्हा ही तात्पुरती म्हणून शिडी धरायला आली. ते तात्पुरतं अजून संपलेलं नाही. एक पाय खालच्या पायरीवर, दोन्ही हात शिडीला आणि मान वर, अशी तिची उभं राहायची पद्धत. उभी राहून गप्प बसेल तर शपथ. “अहो, डावीकडे वाकडं दिसतंय. अहो, ती पट्टी आधीच्यापेक्षा लांब घेतलीत.” मी वरून चिडायचो आणि मग गुपचूप पट्टी पुन्हा मोजायचो. बहुतेक वेळा ती बरोबर असायची. हे मी तिला कधी कळू दिलं नाही.

गेल्या वर्षापासून तिचं काहीतरी बिनसायला लागलं. आधी भाजीत दोनदा मीठ. मग एकदा पिशवी घेऊन बाहेर पडली ती शेजाऱ्यांच्या घरात जाऊन बसली, आणि त्यांनाच चहा घेता का म्हणून विचारायला लागली. आम्ही सगळे हसलो. हीसुद्धा हसली, पण आमच्यानंतर जरा उशिरा.

डॉक्टरांनी माझ्याकडे बोट दाखवून तिला विचारलं, “हे कोण?”

ती चक्क लाजली. “हे? हे म्हणजे... हेच की.”

“नाव काय यांचं?”

“अहो, तुम्हीच सांगा ना त्यांना,” ती माझ्याकडे वळून म्हणाली.

“डॉक्टर,” मी म्हटलं, “तिने माझं नाव कधी घेतलेलंच नाही. ते तिच्या जिभेवर बसलेलंच नाही.”

“मग तुम्हाला ओळखतात की नाही, हे कळायचं कसं?”

तोच तर घोळ होता. ती मला ‘अहो’ म्हणते. पण ती डॉक्टरांनाही ‘अहो’ म्हणते, दूधवाल्यालाही म्हणते आणि रस्ता चुकून पत्ता विचारायला आलेल्या माणसालाही म्हणते. आमच्या मुलीचं बरं आहे, ती नवऱ्याला ‘अरे’ म्हणते. उद्या तिच्यावर अशी वेळ आली तर जावयाला त्याच दिवशी कळेल. मला कळायला काही वाटच नव्हती, आणि खरं सांगायचं तर ती शोधायची मला घाईही नव्हती.

मुलीने मात्र फोनवर स्पष्ट सांगितलं होतं. “बाबा, तुमच्याने होतंय तोवर ठीक. पण ज्या दिवशी आई तुम्हाला ओळखणार नाही, त्या दिवशी मी तिला माझ्याकडे घेऊन येणार. मला ती निदान स्वतःची आई समजून ‘आई’ तरी म्हणते. पण तुम्ही? परक्या माणसाबरोबर एका घरात झोपायचं म्हणजे तिला किती भीती वाटेल, विचार करा ना.”

परका माणूस म्हणजे मी. तिचं चुकत नव्हतं, म्हणून मला जास्तच राग आला.

“अजून ‘अहो’ म्हणते मला,” असं म्हणून मी फोन ठेवला.

तर आज हे मास्तरीणबाईंचं घर. बाईंच्या मागच्या खोलीची भिंत सारखी ओली. बाई भिंतीला रंग लावत होत्या, रंगाचे पोपडे निघत होते आणि बाई रंगवाल्याला शिव्या देत होत्या. आजार पन्हळीला होता. ती मध्येच खाली वाकली होती, म्हणून पाणी पुढे जायचं सोडून मागे भिंतीवर यायचं. शाळेत जाताना बाई फाटकातून म्हणाल्या होत्या, “पाऊस यायच्या आत होईल ना हो? आज नक्की कोसळणार आहे.”

“बाई, तुम्ही निर्धास्त जा,” मी म्हटलं होतं.

काम झालं होतं. फक्त त्या एका शब्दाने अडलं होतं.

शेवटी मी स्वतःच बघायचं ठरवलं. छपराला उतार बेताचा, पण माझा गुडघा आता पूर्वीचा राहिलेला नाही. रांगतच कोपऱ्यापर्यंत पोचलो आणि खाली वाकून पाहिलं. पाइपाच्या तोंडाखालची फरशी ओली होती. पाणी केव्हाच आलं होतं. ही मात्र तिथे नव्हती.

परत फिरलो, तर शिडीही नव्हती.

शिडी खाली जमिनीवर होती. पडलेली नव्हे, ठेवलेली. जाणाऱ्यायेणाऱ्याच्या पायात येऊ नये म्हणून अगदी भिंतीला चिकटवून. आणि आमची ही मागच्या दाराच्या पायरीवर, मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. स्टेशनवर गाडी यायची असावी तशी.

“अगं, शिडी का काढलीस?”

तिने डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं. “कोण आहे?”

“कोण म्हणजे? मी! लाव ती शिडी. आभाळ बघ कसं आलंय.”

ती उठून उभी राहिली. “अगंतुगं काय करता? ओळख ना पाळख!”

मला आधी हसूच आलं. हिला चेष्टा करायची सवय होती. भांडण झालं की दोन दोन दिवस ‘कोण आपण?’ असं विचारायची आणि जेवायच्या वेळी आपोआप बोलायला लागायची.

“पुरे झाली चेष्टा,” मी म्हटलं. “चल, लाव.”

“अहो, तुम्ही आधी सांगा, वर काय करताय? घरात बाई नाहीत. लोकांच्या छपरावर असं चढायचं म्हणजे काय?”

हा ‘अहो’ मी ओळखला. दारात आलेल्या अनोळखी माणसाला ती म्हणते, तो. इतके दिवस यातला कुठला माझा आणि कुठला त्याचा हे मी स्वतःलाच विचारू दिलं नव्हतं. आता विचारायची गरज उरली नाही. मी तिथेच कडेला बसून राहिलो.

ओरडलो असतो तर समोरच्या घरातून कोणीतरी आलं असतं. पण मग त्यांनी काय ते पाहिलं असतं, मास्तरीणबाईंना कळलं असतं, मुलीला कळलं असतं. मला ते कोणालाच कळायला नको होतं. अजून थोडा वेळ तरी नको होतं.

“मी पन्हळ दुरुस्त करतोय,” मी आवाज खाली आणून म्हटलं.

“ते काम आमच्या ह्यांनी घेतलंय,” ती लगेच म्हणाली. “तुम्ही कशाला मध्ये लुडबुड करताय?”

“कुठे आहेत ते?”

तिने रस्त्याकडे पाहिलं. तिची नजर जरा भिरभिरली. “इथेच होते. सामान आणायला गेले असतील. त्यांना वेळ लागतो हो. दुकानदाराशी वाद घातल्याशिवाय कधी परत यायचे नाहीत.”

हे खरं होतं.

“तापट दिसतात,” मी म्हटलं.

“तापट? बारीकसारीक गोष्टीवरून डोक्यात राख घालून घेतात.” एवढं बोलून ती थबकली. परक्यासमोर जरा जास्तच बोलून गेले असं तिला वाटलं असावं. मग तिने मान ताठ केली. “पण हात असा आहे त्यांचा की विचारू नका. ह्यांनी बसवलेली पन्हळ गळली, असं कोणी म्हणून दाखवावं.”

हे तिने माझ्या तोंडावर कधीही म्हटलेलं नव्हतं. मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. मला रडू आलं, आणि ते दिसू नये म्हणून मी उगाचच पन्हळीतला काडीकचरा वेचायला लागलो.

मग पहिले टपोरे थेंब आले. पत्रा ओला झाला की त्याच्यावर पाय ठरत नाही. मी घाबरून मोठ्यांदा म्हणालो, “अगं, ऐक! शिडी लाव लवकर!”

ती दचकली. पिशवी छातीशी घट्ट धरून दोन पावलं मागे सरकली आणि भिंतीला टेकली. तिच्या तोंडावर भीती होती. माझी भीती. चोराचिलटाला पाहून वाटेल तशी. आमच्या सगळ्या भांडणांत, अगदी मी ताट भिरकावलं होतं त्या दिवशीसुद्धा, ती मला घाबरलेली मी पाहिली नव्हती. उलट मलाच घाबरवायची. मुलगी फोनवर म्हणत होती ते हेच होतं.

मी घसा खाकरला.

“अहो बाई,” मी म्हटलं.

मी तिला जन्मात कधी ‘अहो’ म्हटलं नव्हतं. जीभ वळेना. पुढचं कसंबसं बाहेर पडलं. “माफ करा, मघाशी चुकून अगंतुगं झालं. मी वर अडकलोय. तेवढी शिडी लावता का जरा? मेहरबानी होईल.”

तिचा चेहरा लगेच सैल झाला. “असं नीट सांगा की. लावते. मी काय नाही म्हणत होते का?”

तिने पिशवी पायरीवर ठेवली, शिडीचं एक टोक भिंतीच्या पायथ्याला टेकवलं आणि दुसऱ्या टोकाकडून एकेक पायरी हाताने ढकलत शिडी उभी केली. मग पायथा हवा तेवढा बाहेर ओढला, हलवून पाहिला आणि खालच्या पायरीवर पाय दिला. कशातही चूक नव्हती.

“या. सावकाश. मी धरलीय.”

मी उतरलो. शेवटच्या पायरीवरून पाय खाली टेकवला, तशी ती शिडी सोडून चांगली हातभर बाजूला झाली. पदर नीट केला.

“लागलं नाही ना कुठे तुम्हाला?”

“नाही.”

पाऊस वाढला. आम्ही दोघं छपराच्या पुढे आलेल्या कडेखाली दाराशी सरकलो. मी म्हटलं, “चला, मी सोडतो तुम्हाला घरी.”

“नको नको. आमचे हे येतील ना. मला इथेच थांब म्हणून गेलेत. मी दिसले नाही तर...”

“रागावतील?”

“नाही हो,” ती म्हणाली. “घाबरतील.”

तेवढ्यात, वर चढण्याआधी मी तिच्या पिशवीत ठेवलेला माझा फोन वाजला. तिने तो काढला, उलटसुलट करून पाहिला आणि माझ्यापुढे धरला. “तुम्हाला कळतं का यातलं? बघा बरं कोण आहे.”

मुलगी होती. “बाबा, पाऊस आलाय, कुठे आहात तुम्ही? आई कशी आहे?”

“इथेच आहे. शेजारी.”

“आहे ना सगळं ठीक?”

मी हिच्याकडे पाहिलं. ती कोणाचा फोन म्हणून कुतूहलाने माझ्याकडे बघत होती, पण परक्याचं बोलणं ऐकू नये म्हणून तोंड जरा पलीकडे वळवून.

“उद्या ये,” मी म्हटलं.

मुलगी फक्त “येते, बाबा” म्हणाली. मी फोन बंद करून हिच्या हातात दिला आणि तिने तो जपून पिशवीत ठेवला.

“तुम्हाला जायचं असेल तर जा हं,” ती म्हणाली. “माझ्यासाठी थांबू नका. तुमच्याही घरी वाट बघत असतील.”

“नाही, घाई नाही. ते येईपर्यंत थांबतो.”

“बरं होईल,” ती म्हणाली. “एकटीला जरा कसंतरीच वाटतं.”

माझा खांदा भिजत होता. तिने ते पाहिलं आणि भिंतीकडे सरकून मला थोडी जागा करून दिली. मग रस्त्याकडे तोंड करून आम्ही दोघं माझी वाट पाहत उभे राहिलो.