वर्षभर थांबा

कामठ्याच्या दुधराम पटलेची लेक चेतना बाळंतपणाला माहेरी आली आणि तिला जुळं झालं, ते साल २००७. त्याच दिवाळीनंतर तिच्या भावाचं, टिकेशचं, साक्षगंध झालं. मुलगी जवळच्याच गोरेगावच्या बाजूची, योगेश्वरी. बारावी शिकलेली, बोलायला तिखट. लग्न वैशाखात करायचं ठरलं.

साक्षगंधाला टिकेशची आई शांतीबाई नवं लुगडं नेसून, तोंडाला पावडर लावून दोन तास ताठ बसली. तिच्या पोटात गाठ आहे आणि नागपूरच्या डॉक्टरांनी हात टेकलेत, हे पोरीकडच्यांना कोणी सांगितलं नाही. दुधरामने घरात सगळ्यांना दम भरला होता, "तोंड उघडाल त सोयरिक तुटंल." शांतीबाईला मात्र एकच हवं होतं, सून उंबऱ्यातून आत येताना पाहायची.

जानेवारीत योगेश्वरीला तिच्याच गावच्या अंगणवाडीत नेमणूक मिळाली. अट अशी, की सेविका त्याच गावात राहणारी पाहिजे. सुपरवायझर बाई म्हणाल्या, वर्षभर कर, मग कामठ्याकडे जागा निघाली तर अर्ज टाक. झालं! योगेश्वरी म्हणू लागली, लग्नाला वर्षभर थांबा; त्या दिवसापासून फोनवर दुसरं बोलणंच उरलं नाही.

"लगन वैशाखातच होईल," टिकेश म्हणायचा.

"कायले एवढी घाई? मी कुठं पळून जाऊन राहिली?"

"नोकरी सोड. आपल्या घरी धान का कमी आहे?"

"धान तुमचा आहे. पगार माझा राहील. अन् तुमी घरात बसून काऊन नाही बोलत? कोणाले भेता?"

टिकेश अंगणाच्या टोकाला उभा राहून बोलायचा. आईचं कण्हणं फोनमध्ये जाऊ नये म्हणून. खरं कारण जिभेवर यायचं, दारात उभा बाप दिसला की गिळून टाकायचा, आणि मग त्याचा सगळा राग योगेश्वरीवर निघायचा.

मार्चमध्ये बाजाराच्या दिवशी ती मीटिंगला गोरेगावला आली. काखेत रजिस्टरं होती. टिकेशने मोटारसायकल रसाच्या गाडीशी लावली.

"बोला, आज भांडाचं का रस पेवाचं?" ती हसून म्हणाली.

त्याच्याने राहवलं नाही. गाठ, नागपूर, बापाचा दम, सगळं एका दमात सांगून टाकलं. आता तरी ही समजून घेईल, असं त्याला वाटलं.

योगेश्वरीने ग्लास खाली ठेवला. "साक्षगंधाले मी त्यायच्या बाजूले बसली होती. माझा हात धरून होत्या त्या. अन् तुमी चार महिने गप्प?"

"बाबा म्हणे..."

"बाबाचं सोडा. तवा सांगतलं असतं त मी धावत आली असती. आता लोक का म्हणतील? दुखणं काढाले सून आणली."

"लोकायचं जाऊ दे. तुले का वाटते?"

"मलेही तसंच वाटते."

टिकेशच्या अंगाचा तिळपापड झाला. ती खालच्या आवाजात म्हणाली, "मी त्यायले पाहाले येतो. उद्याच येतो. पण लगन वर्षानं."

"वर्ष नाही तिच्यापाशी! अन् पाहाले येऊ नोको. आमच्या घरी पाव्हणी नाही पाहिजे, सून पाहिजे."

तिने रजिस्टरं उचलली आणि बस गाठली. दुसऱ्या दिवशी ती कामठ्याला आली नाही. आठ दिवसांनी तिच्या बापाचा, जीवनलालचा, निरोप आला की आजार लपवणाऱ्या घरी आम्ही पोरगी देत नाही.

शांतीबाई २९ एप्रिल २००८ रोजी सकाळी वारली.