रुग्णाला दुखतं का?

रविकिरणनं फळ्यावर ‘कावीळ’ असं लिहून त्याभोवती गोल काढला आणि मार्कर शाल्मलीकडे रोखला.

“वजन किती उतरलंय?”

“पँट कमरेवर राहत नाही, इतकं.”

सगळे हसले. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला या तासाला कुणी शिकवतच नसे. एकानं कागदावर रुग्ण मांडायचा, बाकीच्यांनी प्रश्न विचारत विचारत आजारापर्यंत पोचायचं, आणि मग त्यानं पुढचं पान काढायचं, तपासण्यांच्या निकालाचं. अनुसूया मॅडम कोपऱ्यात गप्प बसून असत. उत्तर सांगायचं नाही हा नियम, आणि तो त्या कागदावरच्या रुग्णाचा पार जीव जाईपर्यंत पाळत.

आज पाळी शाल्मलीची होती, आणि तिनं मांडलेला रुग्ण म्हणजे तिचे बाबा. नाव बदललं, नागपूर गाळलं, एवढंच काय ते. बाबा नागपूरहून बंगळुरूला, के. आर. पुरममधल्या तिच्या खोलीवर राहायला आले आणि बघता बघता डोळे पिवळे झाले, अंगाला खाज सुटली. दवाखान्याचं नाव काढलं की म्हणायचे, “इथलं पाणी बाधलंय गं, उतरेल.” मिनतवाऱ्या झाल्या, रडून झालं, अबोला धरून झाला, बाबा आपले ढिम्म. पुस्तकात काय लिहिलंय ते तिला ठाऊक होतं, म्हणूनच तर तिचा धीर सुटला होता. एवढ्या हुशार पोरांतलं कुणीतरी काहीतरी साधं नाव घेईल, या आशेवर ती तिथं उभी होती.

कुणी घेईना. यकृताची सूज म्हणावी तर लक्षणांत बसेना, औषधाचा परिणामही बसेना.

“एक तर पित्ताचा खडा,” हर्षिता म्हणाली, “नाहीतर स्वादुपिंडाचा कॅन्सर. पोटात दुखतं का?”

“खड्यानं दुखतं,” रविकिरण म्हणाला. “न दुखता एवढी कावीळ म्हणजे खेळ खलास.”

सगळे शाल्मलीकडे बघू लागले. सकाळीच तिनं बाबांचं पोट दाबून दाबून विचारलं होतं, तर ते गुदगुल्या झाल्यासारखे हसले होते.

“दुखतं,” ती म्हणाली. “खूप दुखतं.”

रविकिरणनं मोठ्या अक्षरात ‘खडा’ लिहिलं. आणि वेडी पोर ती, तिला क्षणभर खरंच हलकं वाटलं. खडा काय, काढून टाकता येतो. माणूस घरी येतो, पिशवी घेऊन भाजीला जातो.

“चल, पुढचं पान दे.”

“नाहीये.”

“घरी राहिलं?”

“तपासण्याच झाल्या नाहीत अजून.”

पोरं एकमेकांकडे बघत राहिली. अनुसूया मॅडम मात्र उठल्या. बसवनगुडीतलं त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्यांचं बंगळुरी, पण घरची भाषा मराठी. वर्गात सगळं इंग्रजीत चाले, तिथं मराठी त्यांनी आजवर काढली नव्हती. शाल्मलीजवळ येऊन त्या हळू आवाजात मराठीत म्हणाल्या, “कोण आहेत गं हे?”

“बाबा.”

“सरी, ठीक आहे. आज मीच येते तुझ्याबरोबर. दोघी मिळून नेऊ त्यांना.” त्यांनी आवाज आणखी खाली आणला. “खरं सांग मला. दुखतं का त्यांना?”

शाल्मलीनं नाही म्हणून मान हलवली.

रविकिरणला मराठी येत नव्हती. त्यानं ‘खडा’पुढे बरोबरची खूण केली.